पश्चिमेची फट

१

माझी मुलगी सापडली तेव्हा ती हसत होती. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

आमचा ऊस जळून संपत आला होता. काळी पाचटं हवेतून उडत घरावर, केसांवर, दुधाच्या कॅनवर येऊन पडत होती, आणि मी श्रेयाच्या नावानं हाका मारत बांधावरून धावत होते. अंघोळीला गेले तेवढाच वेळ. बाहेर आले तर पोर अंगणात नाही आणि समोर सगळं शेत पेटलेलं. त्यानंतर मी काय काय केलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. विहिरीत वाकून पाहिलेलं तेवढं आठवतं.

मग कुणीतरी ओरडलं, "पोरगी घावली!"

कालव्याच्या कडेनं गेणबा चालला होता. धनगरवस्तीवरचा म्हातारा, चार मेंढरं अजून राखणारा. खांद्यावर घोंगडी आणि घोंगडीत गुंडाळलेली श्रेया, नुसतं डोकं बाहेर. तो आमच्या घराकडं येत नव्हता. घराकडं पाठ करून चालला होता.

पोरांनी त्याला गाठलं. पहिली थप्पड माझ्या दिरानं मारली, रविराजनं.

"बंकरात व्हती ओ," गेणबा गालावर हात धरून म्हणत होता. "भाईरनं कडी व्हती. म्या काढली. वाटंवर जाळ, म्हणून कालव्यानं वळसा घालून निघालो..."

"बाहेरनं कडी होती, मग घातली कुणी?" रविराज म्हणाला. "तूच घातली आसशील."

मी श्रेयाला ओढून घेतलं. हात पाहिले, पाय पाहिले, फ्रॉक पाहिला. एक ओरखडा नव्हता. काजळीचा ठिपका नव्हता.

"बाळा, तिकडं कुणी नेलं तुला?"

श्रेया माझ्याकडं बघून हसली आणि दोन बोटांच्या चिमटीत तिनं आपल्या गळ्याची कातडी धरली.

गळ्याची शप्पथ. मोडली तर ज्याला वचन दिलं तो मरतो, असं लहान मुलं खरंच मानतात. माझ्या चार वर्षांच्या मुलीकडून कुणीतरी गप्प राहायची शपथ घेतली होती.

२

सणसरच्या पुढं आमची वस्ती आहे आणि आमच्या उसाच्या पूर्वेला, माळ सुरू होतो तिथं, तो बंकर. लोक त्याला गोऱ्याचं घर म्हणतात. मोठ्या लढाईच्या काळात या माळावर विमानं उतरवायची पट्टी व्हायची होती म्हणे. पट्टी झाली नाही, तिच्या राखणीची ही खोली तेवढी झाली.

मी सिव्हिलची इंजिनिअर. डिग्री आहे, नोकरी नाही. लग्न होऊन आले तेव्हा सगळ्या नव्या नवऱ्या देवदर्शनाला जातात, मी तो बंकर बघायला गेले होते. अर्धा जमिनीत, अर्धा वर. हातभर जाड काँक्रीट. पूर्वेला लोखंडी दार. पश्चिमेला आणि दक्षिणेला बंदुकीची नळी फिरेल एवढी एकेक आडवी फट. आतून ती छातीला लागते, बाहेरून बघाल तर गुडघ्याएवढीच उंच. छपरातून हवेचा पाइप वर आलेला. दारातून सरळ आत जाता येत नाही, दोन पावलांवर भिंत आडवी येते आणि वळावं लागतं. बाहेर स्फोट झाला तर त्याचा दणका वळत नाही, माणूस वळतो. बांधणाऱ्यानं डोकं लावलं होतं.

पुढं लढाई संपली आणि त्यात कधी पावसात मेंढरं राहिली, कधी बियाण्याचा कांदा, कधी पत्ते कुटणारे. आतली कडी कुणीतरी भंगारात घातली. राहिली ती बाहेरची.

गेणबाला ग्रामपंचायतीच्या खोलीत बसवलं. पोलीस पाटील अप्पा दारात खुर्ची टाकून बसले. बाहेर पोरं फोन वर धरून उभी. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असा एक मेसेज गेल्या आठवड्यापासून सगळीकडं फिरत होताच. आता त्याला चेहरा मिळाला होता.

"गाडी सकाळी येईल," अप्पा म्हणाले. "तवर कुणी अंगाला हात लावायचा न्हाय. ज्यानं लावला त्याला मी पयला आत घालीन." मग माझ्याकडं वळून हळू आवाजात, "सूनबाई, पोर तुमची हाय. सकाळी तुमी जे सांगाल त्याच्यावर हाय सगळं. नीट इच्यार करा."

माझ्या एका वाक्यावर एक म्हातारा आत जाणार होता. आणि तो नसेल, तर ज्यानं हे केलं तो वस्तीवरच राहणार होता, माझ्या मुलीच्या आसपास.

मी निघाले तेव्हा आतून गेणबाचा आवाज आला.

"सूनबाई, म्या पाइपातनं आवाज आयकला, म्हणून गेलो. पोरगी गाणं म्हणत व्हती." तो थांबला. "भ्यालेलं लेकरू गातंय व्हय?"

३

आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. आत्या, म्हणजे द्वारकाबाई, ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. धुरानं त्यांचा आवाज पार गेला होता. बोलायला तोंड उघडलं की नुसती हवा यायची.

शेजारची अनिता त्यांना पाणी पाजत होती. "बांधावर पडलेल्या घावल्या," ती मला सांगायला लागली. "उचलून हिरीजवळ आणल्या, तर चौघींनी धरलं तरी आवरंनात. सारख्या उठून जाळाकडं पळायच्या. हात करायच्या शेताकडं. उसात जीव हाय गं म्हातारीचा."

होताच. मामंजी गेल्यापासून शेत त्यांनीच ओढलं. माझा नवरा राम बारामतीला कंपनीत, सुट्टीला येतो. राबायला रविराज, पण शब्द आत्यांचा. यंदा कारखान्याची तोडच येईना. उसाला तुरा आला, कांडी आतून पोकळ पडायला लागली. आत्या कारखान्याच्या गटऑफिसला खेटे घालून दमल्या.

संध्याकाळी अनिताचा नवरा संभाजी आला. आमच्या दक्षिणेला त्याचं रान, आणि बांधावरून दोन्ही घरांचं जुनं वाकडं.

"लाइनच्या तारा घासल्या आसत्याल," तो म्हणाला.

"तारा?" रविराज उठलाच. "गेल्या आठवड्यात तूच म्हणलावतास ना, बांध सरकवलास तर काडी लावीन?"

"म्हणलो व्हतो. म्हणायला काय जातंय? तू बी म्हणलावतास की चावडीवर, जाळला की तोड लगीच येती."

"मस्करीत म्हणलो."

"मग म्या काय लग्नाची पत्रिका देत व्हतो?"

हे खोटं नव्हतं. जळालेला ऊस ठेवता येत नाही, रस जातो. म्हणून कारखाना काही कपात करून का होईना, पण रांग मोडून तो आधी नेतो. काही जण मुद्दाम आपल्याच उसाला काडी लावतात. कबूल मात्र कुणी करत नाही.

तेवढ्यात रविराजचा फोन वाजला. ऐकता ऐकता त्याचा चेहरा बदलला. "उद्या तोडीची टोळी येतीय," तो म्हणाला, आणि हसू लपवायला त्यानं मान फिरवली. मी ते पाहिलं.

मी बघतच असते. सगळे मला त्यावरून बोलतात. महिन्यापूर्वी श्रेया विहिरीच्या कठड्याशी सापडली, तेव्हा मी सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "पुन्हा ही माझ्या नजरेआड झाली तर मी हिला घेऊन बारामतीला जाणार. परत आणणार नाही." रविराज तेव्हा हसला होता. आत्या हसल्या नव्हत्या.

जाळाच्या त्या संध्याकाळी मी सगळं मनात उलगडून पाहिलं. श्रेया माझ्याशिवाय कुणाबरोबर असते? कालच दुपारी रविराजनं तिला ट्रॅक्टरवर बसवून फिरवून आणलं होतं. मग संध्याकाळी ती आत्यांबरोबर मारुतीला गेली होती. एवढंच.

श्रेया अंगणात उकिडवी बसून सारवणाच्या रेघांवरून बोट फिरवत होती. शिवरात्रीला आम्ही सासवा-सुनांनी अर्धं अर्धं अंगण सारवलं होतं. माझ्या बोटांच्या कमानी एकीकडं तोंड करून, आत्यांच्या दुसरीकडं. शेजारणी म्हणतात, अंगणातसुद्धा दोघींची तोंडं समोरासमोर.

"श्रेऊ, गेणबाआजोबांनी नेलं होतं का तुला?"

तिनं मान हलवली. नाही.

"मग कुणी?"

हात पुन्हा गळ्याकडं गेला. या वेळी ती हसली नाही. तिचे डोळे भरून आले.

४

सकाळी श्रेयाला कडेवर घेऊन मी बंकरकडं निघाले. एकटीला घरी ठेवायची माझी छाती नव्हती. राख अजून कोमट होती. चपलेतून जाणवत होतं.

बंकरच्या दारात गेणबाची सून सारजा उभी होती. हातात त्याची काठी.

"काठी ऱ्हायली व्हती मामांची," ती म्हणाली. माझ्याकडं बघेना. "का हिच्याव बी पोलीस बसवायचाय?"

"सारजा, मी त्यांच्यावर आळ घेतलेला नाही."

"तुमी न्हाय घेतला. तुमी नुसत्या उभ्या व्हता." तिनं काठीची राख पदराला पुसली. "जाळ बघून लोकं लांब पळाली, आन् आमचा म्हातारा जवळ गेला. आता गाडीत बसंल. पुन्यांदा कुणाचं लेकरू आरडलं तर आमी कानात बोळं घालू."

मी श्रेयाला खाली ठेवलं, दार ओढायला. पोर माझ्या हाताखालून आत शिरली. काळोखात, न चाचपडता, ती आडव्या भिंतीला वळसा घालून दिसेनाशी झाली. मी डोकं आपटत मागं धावले.

आत ती उड्या मारत होती. ठिबकच्या काळ्या नळ्यांची वेटोळी तिथं छातीएवढी रचली होती आणि श्रेया त्यांच्यावर चढून गादीवर उड्या माराव्यात तशी मारत होती.

या मुलीला ही जागा ओळखीची होती.

आणि त्या नळ्या आमच्या होत्या. मी दोनदा बघितलं. तोडीआधी ठिबक गुंडाळतात हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक आहे, पण आमच्या तोडीची तारीखच आली नव्हती. नळ्या शेतात असत्या तर काल वितळून गेल्या असत्या. कुणीतरी त्या आधीच उचलल्या होत्या.

आत अंधार जास्त होता. पश्चिमेची फट बंद होती म्हणून. दक्षिणेची उघडी; वाऱ्याच्या तोंडी नसल्यानं तिच्या बाहेरच्या कडेलाच काय ती काजळी बसलेली. मी श्रेयाला उचललं, बाहेर येऊन पश्चिमेच्या भिंतीकडं गेले. ऊस होता ती बाजू. भिंत काळी ठिक्कर. गुडघ्याएवढ्या उंचीवरची फट पोत्यानं बुजवून वरून शेणमातीनं लिंपली होती. जाळानं ती शेणमाती भाजून मडक्यासारखी पक्की झाली होती. मी नखानं कड उचलली. खालचं पोतं करपलेलं, आणि पोत्याखालचं काँक्रीट स्वच्छ पांढुरकं. काजळीचा मागमूस नाही.

फट जाळाच्या आधी बुजवली होती. आणि ओली शेणमाती जाळात फुटली असती, फुगून गळून पडली असती. ही तडकलीसुद्धा नव्हती. म्हणजे आदल्या दिवशीची, वाळलेली.

सारजा मागं येऊन उभी राहिली होती. "आन् हे काय वो?" तिनं काठीनं खालचा कोपरा दाखवला.

भाजलेल्या मातीत एक पंजा उमटला होता. पाच बोटांचा, एवढासा.

मी श्रेयाचा हात धरून त्यावर ठेवला. बरोबर बसला.

५

"सारजा, गाडी आली का बघ जरा," मी म्हणाले.

"धूळ दिसतीय फाट्याव."

वेळ नव्हता. मी तिथंच राखेत बसले, श्रेया मांडीवर, आणि एकेक माणूस समोर आणून पाहिला.

गेणबा? शेत पेटणार हे आदल्या दिवशी त्याला कसं कळणार? फट बुजवणाऱ्याला ते माहीत होतं, कुठल्या बाजूनं जाळ येणार तेसुद्धा. दुपारी इथं वारा पश्चिमेचा असतो.

संभाजी? वैरानं काडी लावणारा आमच्या नळ्या वाचवत बसेल? त्या तर त्यानं आधी जळू दिल्या असत्या.

म्हणजे आमच्या घरातलं. ठिबक सांभाळून ऊस जाळणारं. फट बुजवली ती माझ्या मुलीला कोंडायला नव्हेच; ठिणगी आत जाऊन नळ्या पेटू नयेत म्हणून. आणि त्या कामाच्या वेळी माझी मुलगी तिथं होती, चिखलात हात उमटवत.

रविराज. चावडीवरचं ते बोलणं. फोनवरचं ते हसू. ट्रॅक्टर. स्वतःच्या पुतणीला कोंडून गेणबाला थप्पड मारायची, एवढा हा निर्ढावलेला?

पण दाराचं कोडं सुटेना. आतली कडी नाही, आणि कडीशिवाय ते दार मिटून राहत नाही. दार लावायचं तर कुणीतरी बाहेरच राहायला हवं. आगीच्या तोंडाशी. दार उघडं राहिलं असतं तर धूर वळणावरूनसुद्धा आत आला असता. श्रेयाच्या अंगावर काजळीचा ठिपका नव्हता, म्हणजे ते धुराच्या आधी घट्ट लागलं होतं. लावणारा माणूस धुरात उभा राहिला. तो धूर त्याच्या छातीत गेला.

रविराजचा आवाज खणखणीत होता. काल सगळ्यांत मोठ्यांदा तोच ओरडत होता.

मी पुन्हा त्या शेणमातीकडं पाहिलं. श्रेया तिथं बसून बोटानं रेघा गिरवत होती, काल अंगणात गिरवत होती तशाच. लिंपणाऱ्यानं बोटं फिरवली होती. गडीमाणूस असतं तर थापून मोकळं झालं असतं. या कमानी होत्या, एकीला एक लागून, निगुतीनं काढलेल्या.

आणि त्यांची तोंडं उलटी होती.

दूर गाडीचा हॉर्न वाजला. मी शेणमातीचा एक तुकडा उचकटला, पोरीला कडेवर टाकलं आणि राखेतून धावत सुटले.

६

आत्या चुलीपुढं होत्या. तव्यावर भाकरी, आणि ती उलटायला पुढं झालेला डावा हात. वस्तीवर दुसरी डावरी बाई नाही.

तो तुकडा त्यांच्यापुढं परातीशेजारी ठेवला.

त्यांनी तव्यावरची भाकरी उतरवली. आधी ती उतरवली. मग हात पुसला आणि चार बोटं त्या रेघांत ठेवून पाहिली, जसं काही आपलीच ती आहेत की नाहीत याची शंका असावी.

"मारुतीला नव्हतात गेलात परवा," मी म्हणाले.

मान हलली. नाही.

"शप्पथ तुम्ही घातलीत."

"तू वरडशील म्हणून," त्या म्हणाल्या. आवाज कसला, पाचटावरून पाय ओढल्यासारखा घरघराट. मला वाकून ऐकावं लागलं. "पोरीला तितं आवडलं. उड्या मारीत बसली. म्हणलं, आईला सांगू नगंस, तुजी आई भेती."

"आणि काल?"

"काडी लावली पल्याडच्या तोंडाला. बांधानं हिकडं आले, ठिणगी संभाजीच्या रानात पडू नी म्हणून. तर ही तितं. येकलीच. दारात." त्या थांबल्या, खोकल्या. "वारं उठलं गं. येवढं उठंल आसं वाटलं न्हवतं. माझी गुडघी... हिला घिऊन पळता यीना. आत घातली. आत दोघी मावलो आसतो, पन दार..."

"आतून कडी नाही."

"न्हाय."

चुलीतलं लाकूड फुटलं, दोघी दचकलो.

"मला उघडायला जायाचं व्हतं. ह्या बायांनी धरलं. सांगाया गेले तर आवाज न्हाय." त्यांनी गळ्यावर हात ठेवला. श्रेया ठेवते तसाच. "मग पोर घावली."

"आणि गेणबा? त्यांचं काय? रात्रभर तो माणूस तिथं बसलाय, आत्या."

त्या माझ्याकडं बघेनात. "तू हिला बारामतीला निशील," त्या म्हणाल्या. "परत आणायची न्हाईस. तू बोलल्यावर करतीस, मला ठावं हाय."

मला खूप काही म्हणायचं होतं. मुलगी जळाली असती. तुम्ही ऊस वाचवायला जाळला, एका शब्दानं कुणाला विचारलं नाही. सगळं तोंडाशी आलं होतं. पण ती बाई त्या दारासमोर जाळाकडं तोंड करून उभी राहिलेली मला दिसत होती, आणि ते दिसायचं थांबेना.

"गाडी आलीय," मी एवढंच म्हणाले.

आत्यांनी तवा खाली उतरवला. पदर खोचला. "चल," त्या म्हणाल्या. "मला चालवत न्हे."

७

गेणबाला तोवर गाडीपाशी आणलं होतं. रविराज पुढं. साहेब म्हणून आलेला हवालदार अप्पांशी बोलत होता. आम्हाला बघून तो म्हणाला, "मुलीची आई? बोला बाई. कुणावर संशय?"

"मला नाही, ह्यांना बोलायचंय," मी आत्यांकडं हात केला.

आत्यांनी तोंड उघडलं. कुणालाच ऐकू गेलं नाही.

"आई, तू कशाला आलीस?" रविराज म्हणाला. "तुला बोलवतंय का? घरी जा."

"रविराज, गप," अप्पा म्हणाले. मग पोरांकडं वळून, "ते फोन खाली. आन् गाडी बंद करा ओ. म्हातारीचा आवाज बसलाय."

गाडी बंद झाली. एवढी माणसं, पण पाचट उडाल्याचा आवाज यावा इतकं शांत झालं. आत्या बोलल्या. रोज पहाटे थोड्या थोड्या ओढून नेलेल्या नळ्या, पोतं, काडी, दार. एकेक शब्दाला दम घेत. रविराजचा हात आपोआप स्वतःच्या गालाकडं गेला. खरंच त्याला काही माहीत नव्हतं. टोळी आल्याचं हसू नुसतं टोळी आल्याचं होतं.

"कशावरनं खरं?" मागनं एक पोरगा म्हणाला. "गेणबा सोताचा माणूस म्हणून त्याला वाचवाया बोलत आसंल."

"गेणबा ह्यांचा कुठला माणूस रं?" सारजा म्हणाली. "काल तर तुमी त्यालाच माणूस समजत न्हवता."

श्रेया माझ्या हातातून सुटून आत्यांचा पदर ओढत होती.

"आजी. आजी, शप्पथ सुटली म्हण ना."

आत्यांना आधी कळलं नाही. मग त्या खाली बसल्या, गुडघे धरत, दोन बोटांनी श्रेयाच्या गळ्यावरची चिमटी सोडवली आणि म्हणाल्या, "सुटली."

माझ्या मुलीनं एवढा मोठा श्वास घेतला.

"मी आणि आजी गोऱ्याच्या घरी गेलो होतो आणि मी चिखलात हात केला आणि मग मी काल एकटीच गेले आणि आजीनं मला आत ठेवलं आणि म्हणाली गाणं म्हण, थांबू नको, मी बाहेरच हाय, मी ऐकतीय. मग मी सगळी गाणी म्हटली. मग आजीचा आवाज यायचा बंद झाला तरी म्हटली. मग हे आजोबा आले."

मी गेणबाकडं पाहिलं. तो खाली बघत होता.

"सोताचा ऊस सोता जाळला," अप्पा शेवटी हवालदाराला म्हणाले. "त्यात तुमचं काय काम न्हाय. कारखान्याचं काय ते कारखाना बघंल. च्या घिऊन जावा."

रविराज गेणबापुढं जाऊन उभा राहिला. "आबा, मी काल..."

"थप्पड काय माघारी घेता येत न्हाय, पोरा," गेणबा म्हणाला. "ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच. माझी घोंगडी तेवढी द्या. तुमच्या पोरीच्या अंगाव गेलीय ती."

घोंगडी आमच्या ओसरीवर होती. रात्री श्रेयानं ती सोडलीच नव्हती.

दुपारी टोळी शेतात उतरली. मी घोंगडी झटकली, घडी घातली. धनगरवस्ती बंकरच्या पलीकडं. माझ्याकडं दोघीही बघत होत्या, आत्या आणि श्रेया. बारामतीचं विचारायची आत्यांची हिंमत नव्हती.

मी घडी आत्यांच्या डाव्या हातात दिली. श्रेयाचा हात उजव्या.

"सावकाश जा," मी म्हणाले. "आणि येताना गोऱ्याच्या घरावरनं आलात तरी चालेल. मारुतीला जायचं असेल तर मारुतीला जा. फक्त सांगून जा."

त्या काळ्या शेताच्या कडेनं निघाल्या. श्रेया पुढं ओढत होती, आत्या मागं गुडघे सांभाळत. मी दारात उभी राहिले. बंकरपाशी पोचल्या, आणि त्याच्या भिंतीआड दोघीही दिसेनाशा झाल्या.

माझा पाय उंबऱ्याबाहेर पडला होता. मी तो आत घेतला.

मग काँक्रीटच्या पलीकडच्या कडेनं आधी घोंगडी दिसली, मग फ्रॉक. आज वारा फिरून माझ्याकडंच येत होता. श्रेया गाणं म्हणत होती.